पर्वती चढलास, पण उतरल्यावर?

चि. … यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू १५२/९६ हा आकडा असा सांगितलास, जणू परीक्षेत नापास झालास. मला बीपी निघालं तेव्हा मी एक्केचाळीसचा होतो आणि वर्षभर घरात कोणाला बोललो नाही. तू निदान बोललास.

आधी आकडा खरा आहे का ते बघ. जिना चढून येऊन, चहाचा कप खाली ठेवता ठेवता मोजलेलं बीपी कामाचं नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बस, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून आठवडाभर वहीत लिही आणि वही डॉक्टरांना दाखव. घरी सरासरी १३५/८५च्या वर राहत असेल तर अंगावर काढू नकोस. १८०च्या आसपास गेलं तर व्यायाम बाजूला, थेट दवाखाना.

चालण्याचं सोपं आहे: आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. जिममध्ये वजन उचलताना श्वास कोंडू नकोस, त्या क्षणी बीपी उसळतं. नेमानं चाललं तर वरचा आकडा साधारण पाच ते आठनं उतरतो. वजनाचा ढोबळ हिशेब असा: एक किलो उतरलं की वरचा आकडा एकनं खाली. चालणं सोडलं की काही आठवड्यांत सगळं मूळपदावर.

आता माझी फजिती. वर्षभर रोज पर्वती चढलो, वजनाचा काटा तसूभर हलला नाही. कारण खाली उतरल्यावर आमचा कंपू अमृततुल्यात बसायचा. चहा, क्रीमरोल, कधी वडापाव. अर्ध्या तासात जाळलेलं सगळं एका वडापावात व्याजासकट परत! शिवाय ‘आज व्यायाम झालाय’ म्हणून दुपारी एक पोळी जास्त. टेकडीवर जाणाऱ्या निम्म्या पुण्याची हीच कथा असावी.

आणि ताटाची डावी बाजू सांभाळ. मीठ, लोणचं, पापड, चटणी सगळं तिथेच. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात फरसाण, बिस्किटं, ब्रेडमधलंही धरायचं. आईला ‘भाजी अळणी कर’ सांगणं अवघड आहे, मला माहीत आहे. वाढून घेतलेलं मीठ तरी बंद कर.

गोळी लिहून दिली तर घे. ‘एकदा लागली की जन्माची’ या भीतीनं मी चार किलो उतरल्यावर स्वतःच बंद केली होती. पंधरा दिवसांत डोकं जड व्हायला लागलं, बीपी पहिल्यापेक्षा वर. पुढे आठ किलो उतरल्यावर ती अर्धी झाली, पण ते डॉक्टरांनी ठरवलं.

वही दाखवून झाली की रविवारी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. नाश्ता आमच्याकडे, मटकीची उसळ. पापड मिळणार नाही.

तुझा काका