बिनपासिंगची गाडी खरोखर बिनपासिंगची आहे का?

चार्जिंगवर चालणाऱ्या दुचाकींविषयी गेल्या काही आठवड्यांत खान्देशातून बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे आणि तिचा क्लास घरापासून चार किलोमीटरवर आहे. जळगावच्या एका विक्रेत्याने चार्जिंगची स्कूटर दाखवून "हिला लायसन नको, पासिंग नको, विमा नको" असे सांगितले. परंतु आमच्या गल्लीतील एकाची अगदी तशीच गाडी वाहतूक पोलिसांनी अडवून ठेवली. खरे काय समजावे? (एक पालक, पाचोरा)

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे खरे असू शकते आणि पोलिसांची कारवाईही योग्य असू शकते, कारण सवलत मिळते ती गाडी विजेवर चालते म्हणून नव्हे, तर ती ठरावीक मापात बसते म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील दुसऱ्या नियमात हे माप दिलेले आहे. दुचाकीच्या मोटरची अर्ध्या तासाची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, अशा सर्व अटी पाळल्या गेल्या आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले, तरच ती गाडी कायद्याच्या दृष्टीने 'मोटार वाहन' ठरत नाही. पुण्याची एआरएआय ही अशा संस्थांपैकी एक आहे. यांतील एकही अट मोडली, तरी ती गाडी आपल्या पेट्रोलच्या स्कूटरच्या पंक्तीत जाऊन बसते आणि तिला नोंदणी, विमा, लायसन व हेल्मेट हे सारे लागू होते.

250 वॅट म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, की ही शक्ती सुमारे एक तृतीयांश अश्वशक्ती भरते, म्हणजे केळीच्या बागेत चालणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या पंपाच्या पंधराव्या हिश्शाएवढी. मोटर काही क्षण याहून अधिक जोर लावू शकते आणि नियम अर्धा तास टिकणाऱ्या शक्तीचाच विचार करतो, हे मान्य. तरीही दोन धडधाकट माणसे बसवून उड्डाणपुलाचा चढ झपाट्याने चढणाऱ्या गाडीवर '250 वॅट' असे लिहिलेले दिसले, तर त्या स्टिकरवर विसंबून राहू नये.

म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्या विशिष्ट मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी, तिच्यावरील मॉडेलचे नाव, मोटरची शक्ती व वेग गाडीवरील पट्टीशी जुळतात का ते पाहावे आणि हेच तपशील बिलावर लिहून घ्यावेत. प्रत देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरे दुकान पाहावे. खोटी माहिती देऊन गाडी विकली गेली असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. अशा तक्रारीत बिलावरील तेच तपशील उपयोगी पडतात.

मुलीच्या वयाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. मापात बसणाऱ्या गाडीला वयाची अट नाही. मात्र गाडी मापाबाहेरची निघाली आणि ती अल्पवयीन मुलीच्या हाती सापडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि मुलीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. सोळा वर्षांपासूनची जी सवलत अनेकजण सांगतात, ती कायद्यात 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या भाषेत आहे, तेव्हा तिच्या भरवशावर विजेची वेगवान स्कूटर मुलांच्या हाती देऊ नये. चार किलोमीटरसाठी साधी सायकलही वाईट नाही, असे मला वाटते. मात्र मे महिन्यातल्या दुपारी पाचोऱ्यात ती चालवायची माझी स्वतःची तयारी नाही, हेही कबूल करतो.

प्रश्न : शेतात जाण्यासाठी जुन्या सायकलला गॅरेजमधून मोटरचे किट बसवून घेतले आहे. मूठ पिरगाळली की ती पॅडल न मारता चालते. हे चालेल का? (एक शेतकरी, रावेर)

उत्तर : आपल्या बांधावर चालेल, सार्वजनिक रस्त्यावर अडचण येईल. पॅडलच्या सायकलला मोटरची जोड देण्यास नियमाची मुभा आहे, परंतु मोटरची मदत वेगाबरोबर कमी होत जाऊन ताशी 25 किलोमीटरला, किंवा पॅडल मारणे थांबताच, बंद झाली पाहिजे. आपली सायकल नुसत्या मुठीवर चालते, म्हणून ती या व्याख्येत बसत नाही. शिवाय गॅरेजमध्ये जोडलेल्या किटला चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र कोठून असणार?

प्रश्न : माझी गाडी घेतली तेव्हा 25 च्या आतलीच होती. मेकॅनिकने कंट्रोलरची एक वायर काढून दिल्यापासून ती 45 ने पळते. गेल्या महिन्यात देवपुरात एका पादचाऱ्याला माझ्या गाडीचा धक्का लागून त्यांचा हात मोडला. ते भरपाई मागत आहेत. गाडीला नंबरच नाही, तर केस कशी होणार? (एक वाचक, धुळे)

उत्तर : केस होऊ शकते, आणि नंबर नसणे हीच त्यातील आपली सर्वांत कच्ची बाजू आहे. ती वायर निघाली त्या दिवशी आपल्या गाडीची सवलत संपली. राज्याच्या परिवहन विभागाने 2022 मध्ये याच प्रकारच्या फेरफार केलेल्या दुचाकींविरुद्ध मोहीम घेतली होती. आता आपली गाडी विनानोंदणी मोटार वाहन ठरते, आणि तिची नोंदणी आज करू म्हटले तरी होणार नाही, कारण ताशी 45 वेगाची गाडी म्हणून तिला कधी मान्यताच मिळालेली नव्हती. विनानोंदणी गाडी चालवण्यास पहिल्या वेळी दोन ते पाच हजार, लायसन नसल्यास पाच हजार आणि विमा नसल्यास दोन हजार रुपये दंड कायद्यात आहे. फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु दंडाची रक्कम येथे गौण आहे. जखमी व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. विमा असता तर ती रक्कम विमा कंपनीने भरली असती, आता जी ठरेल ती आपल्या खिशातून जाईल. भारतीय न्याय संहितेत हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे, आणि ती बेदरकारपणे घडवल्यास कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बेदरकारपणे वाहन चालवण्याचे कलम 281 तर कोणत्याही वाहनाला लागू आहे, म्हणजे वायर जागेवर असती तरी त्यातून सुटका नव्हती.

आपण गाडी तूर्त घरी उभी ठेवावी, पण वायर गुपचूप जोडून ठेवू नये, कारण तो पुरावा नष्ट केल्यासारखा दिसेल. अपघाताची खबर पोलिसांना 24 तासांत देणे चालकाचे कर्तव्य असते. ती दिली नसल्यास वकिलाच्या सल्ल्याने लगेच द्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी. भरपाईबाबत समजुतीने मार्ग निघत असेल, तर तो लोकअदालतीत लेखी नोंदवून घ्यावा. घरगुती तोंडी तडजोडीला नंतर कोणी विचारत नाही.

प्रश्न : माझ्या विजेच्या स्कूटरची रीतसर नोंदणी झाली आहे. कामासाठी खेतियाला वारंवार जावे लागते. मध्य प्रदेशात वेगळे कागद लागतात का? आणि विक्रेत्याने 'आरटीओ फी' म्हणून रक्कम घेतली, ती योग्य होती का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : वेगळे कागद लागत नाहीत. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे हीच खासगी विद्युत वाहनाची ओळख देशभर आहे, आणि आपली एमएच 39 ची नोंदणी सीमेपलीकडेही चालते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तरच तेथील क्रमांक घ्यावा लागतो. गिअर नसलेल्या दुचाकीचे लायसन पुरेसे आहे, आणि ते डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी ग्राह्य धरले जाते. हेल्मेट मात्र मोबाइलमध्ये दाखवून भागत नाही. फीविषयी सांगायचे, तर बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क ऑगस्ट 2021 पासून माफ आहे. विक्रेत्याने रक्कम कोणत्या नावाखाली घेतली, हे पावतीवर पाहावे, आणि पावतीच दिली नसेल तर ती आधी लेखी मागावी.