कॅन्सरमधून बरं झाल्यावर एखाद्या संस्थेसाठी निधी कसा उभा करावा? लोक देतात का?

देतात, खुशाल मागा. फक्त तुम्ही लिहिलंय की उपचार संपून चारच महिने झालेत आणि लगेच कामाला लागायचंय, तर जरा दम घ्या. माझा गालाचा कॅन्सर होता. ऑपरेशनमध्ये एका बाजूचा जबडा गेला, वर ३० शेक (रेडिएशन). डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिली दोन वर्षं तपासणी चुकवू नका, उलटला तर बहुतेक याच काळात उलटतो. मी सहाव्या महिन्यातच वही घेऊन निघालो, आणि घोळ घातला.

चोपडा तालुक्यात माझं बी-बियाणं, खतांचं दुकान आहे. म्हटलं दुकानाच्याच क्यूआर कोडवर पैसे घेऊ, महिनाअखेरीला एकदम संस्थेला पाठवू. पंधरा दिवसांत १८,००० जमले आणि पारावर सुरू झालं, "दवाखान्याचं बिल फेडतोय वाटतं." पै न् पै पोहोचवली, पावती दुकानात लावली, तरी ते बोलणं वर्षभर कानावर येत राहिलं. त्यांचा तरी काय दोष? युरियाचे आणि दानाचे पैसे एकाच खात्यात पडत होते.

आता काउंटरवर संस्थेचाच क्यूआर आहे. देणाऱ्याला त्याच्या मोबाइलवर संस्थेचं नाव दिसतं, मी मध्ये नाहीच. कुणाला आयकरात दानावरची सूट हवी असेल तर पावती संस्थाच देते. २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर ती सूट मिळत नाही, आणि नवीन कररचनेत तर नाहीच नाही, हे आधीच सांगून टाका. पोरांनी मंडळ करून वर्गणी काढायची म्हटलं, तर गणपतीला काढतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून ४१-क ची परवानगी काढायला लावा.

दुसरं, नुसतं "कॅन्सरसाठी द्या" म्हणू नका. लोकांना वाटतं सगळा खर्च ऑपरेशनचा. ते पुष्कळदा सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. रेल्वेत पेशंटला स्लीपरचं भाडं नाही, सोबतच्याला पाव भाडं. पण ३० शेक म्हणजे आठवड्याला पाच, असे सहा आठवडे मुंबईत. रोजंदारीवरच्या माणसाने तिथे राहायचं कुठे, खायचं काय? परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेले पेशंट मी पाहिलेत. मला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं. (बाबांनी कीर्तनं करून लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः खापरात भाकरी खाल्ली. आमच्यासारख्यांनी पैशाला हात न लावता संस्थेचा क्यूआर ठेवायला काय हरकत आहे?) म्हणून मी मागतो ते एका पेशंटचं आणि त्याच्या सोबतच्याचं एका दिवसाचं जेवण. ते लोकांना डोळ्यांसमोर दिसतं. "माझे चार दिवस लिही" असं म्हणतात.

वेळ बघून मागा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर कोणाच्या दारात जाऊ नका. आमच्याकडे कापूस विकला गेला की डिसेंबर-जानेवारीत हात मोकळे असतात, आणि भरीताचाही तोच हंगाम. मग आम्ही शेतातच भरीत पार्टी ठेवली, २०० रुपये ताट. वांगी एकाने दिली, शेंगदाणे दुसऱ्याने, कांद्याची पात तिसऱ्याने. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजली, लाकडी बडजीत ठेचली, हिरवी मिरची-लसणाची फोडणी, सोबत कळण्याची भाकरी. २१० ताटं गेली, ४२,००० जमले. आचारी आणि मांडवाचे ६,५०० आम्ही तिघा मित्रांनी खिशातून घातले, म्हणजे जमलेल्यातला रुपया कापला गेला नाही.

मजा म्हणजे मला त्यातलं खाता येत नाही. शेकाने लाळ आटली, मिरचीचा कण लागला तरी तोंडात आग पेटते. माझ्यासाठी दोन वांगी बाजूला काढून नुसती मिठात कुस्करली होती. लोक रांगेतून माझ्या वाटीकडे बघत होते. तेवढ्यानेच दहा-बारा जणांनी गुटख्याच्या पुड्या खिशातून काढून काड्यांच्या आगीत टाकल्या. टिकलं किती, माहीत नाही.

तुमच्याकडेही लोक असे बघतील, तयारी ठेवा. पैसे तुमचा चेहरा बघून देतात. काही दिवस ते सोसवत नाही. त्या दिवशी मी पुढे उभाच राहत नाही, पुतण्याला बसवतो.

मागच्या अखाजीला (अक्षय तृतीयेला) एक म्हातारी दुकानात आली. ५१ रुपये काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "पैसा ली ले भाऊ, पन मन्हा पोऱ्याले सांग, पुडी सोडी दे." पोरगा बाहेर मोटारसायकलवरच बसला होता, पंचविशीचा. आत बोलावलं. व्याख्यान दिलं नाही. म्हटलं, तोंड उघड आणि तीन बोटं उभी घालून बघ, चांगल्या तोंडात जातात. त्याची दोनच गेली. मग मी माझं उघडून दाखवलं, आइस्क्रीमच्या काड्या दातांत ठेवून ठेवून रोज व्यायाम करतो तरी माझं दीड बोटाच्या पुढे उघडत नाही. तो काही बोलला नाही. मी चिठ्ठीवर लिहून दिलं, जळगावला सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरला दाखव. म्हातारीने ती चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि वर विचारलं, ५१ ची पावती मिळते का?