आधी नुसतं भेट
बाहेरच्या देशातून आलेल्या तरुण मुलामुलींचं म्हणणं ऐकायचंय ना, मग पहिल्याच बैठकीत त्यांना "तुमचं मत सांगा" म्हणू नकोस. नवी भाषा, अनोळखी चेहरे, त्यात कागदपत्रांची धास्ती, गप्पच बसतील. आधी दोन-तीनदा नुसतं भेट, तेही संध्याकाळी, कारण दिवसा बरेचजण कामावर असतात. प्रवासखर्च आणि दुभाषा ही सोय तू कर. दुभाषा घरातला मात्र नको, वडिलांसमोर मुली मोकळेपणी बोलत नाहीत.

मतदानाचा हक्क नसला तरी म्हणणं मांडता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ अठरा वर्षांखालच्यांना, त्यांच्याशी संबंधित बाबींत, हाच हक्क देतं. हे त्यांना नक्की सांग.

आणि त्यांच्या सूचनेचं पुढे काय झालं, ती फेटाळली गेली असली तरी, परत जाऊन कळव. मी एकदा हे टाळलं. पुढच्या बैठकीला कुणीच आलं नाही.