‘राजकीय याजकगण’ म्हणजे कोण?

लाडके छकुले,

रविवारी आजीने फोनवर बायबलमधल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला आणि नंतर गाडीत तू मला विचारलंस, “बाबा, ‘राजकीय याजकगण’ म्हणजे काय? राजकीय म्हणजे निवडणुकीचं ना? आणि याजक म्हणजे चर्चचे पाळकसाहेब, मग आजी मला कशी म्हणाली, तूही याजक आहेस?” गाडी चालवताना धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी शब्दाचं बघू. आपल्या शास्त्राची, म्हणजे बायबलची, मराठी जुन्या वळणाची आहे. तिथे ‘राजकीय’ म्हणजे राजाचं, राजघराण्यातलं. याजक म्हणजे लोकांच्या वतीने मंदिरात देवापुढे उभा राहणारा, आणि याजकगण म्हणजे अशांचा समूह.

इस्राएलात याजक वेगळे आणि राजे वेगळे. याजक लेवी वंशातल्या अहरोनाच्या घराण्याचे, दावीद राजाच्या घराण्यातले राजे यहूदा वंशाचे. उज्जीया राजा स्वतः धूप जाळायला मंदिरात शिरला, तेव्हा त्याच्या कपाळावर कोड फुटलं, असं शास्त्रात आहे. इतकी ती शीव कडक! येशू मात्र आपला राजाही आहे आणि मुख्य याजकही. ‘ख्रिस्त’ म्हणजे अभिषेक झालेला, आणि तेलाचा अभिषेक राजाला व्हायचा तसा याजकालाही. आपण त्याचे झालो म्हणून ही नावं आपल्याकडे आली. वसईच्या कॅथलिक घरांतही बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला तेल लावतात, ते याच अर्थाने.

पेत्राने हे लिहिलं कुणाला? आजच्या तुर्कस्तानात ठिकठिकाणी पांगलेल्या लोकांना. त्यांना तो ‘परदेशवासी’ म्हणतो. टोरांटोत राहून मला तो शब्द फार जवळचा वाटतो. त्याच अध्यायात तो घरात राबणाऱ्या गुलामांशीही बोलतो. ज्यांना कुणी माणसात धरत नव्हतं, त्यांना तो राजघराण्यातलं म्हणाला.

हे आपल्या घराला कसं लागलं असेल, विचार कर. आजीचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यातले. देवळाची पायरी त्यांना बंद, पाणवठा वेगळा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं आणि पुढे आसपासच्या गावांतून अशी कितीतरी माणसं ख्रिस्ती झाली. आजोबा अक्षरं शिकले, आणि एक दिवस त्यांनी स्वतःच्या तोंडाने वाचलं, ‘तुम्ही याजकगण’. चर्चमध्ये आल्यावर जात लगेच गळून पडली असं नाही, तेही तुला माहीत असावं. पण ते वाक्य त्यांच्याकडून कुणी परत घेऊ शकलं नाही.

आता याजकाचं काम. मुख्य याजकाच्या छातीवर ऊरपट असे, त्यात बारा रत्नं आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एकेका वंशाचं नाव कोरलेलं. पवित्रस्थानात जाताना तो ती नावं काळजाशी घेऊन जाई. मला वाटतं, याजकपण समजून घ्यायला एवढं पुरे. पाळकसाहेब प्रभुभोजन देतात, उपदेश करतात, ते त्यांना नेमून दिलेलं काम आहे. पण लोकांची नावं देवापुढे नेण्याचं काम सगळ्यांचं.

तुझी आजी ते रोज करते. दिवेलागणीला चटई अंथरते, पदर डोक्यावर घेते, एक गीत म्हणते आणि मग नावं. आत्याचं, तुझं, दूधवाल्याचं, गुडघे धरलेल्या शेजारच्या काकूंचं. सांडपाण्यावरून आमच्याशी वर्षभर अबोला धरलेल्या घराचंही नाव ती घ्यायची, आणि तेही सगळ्यांच्या आधी. मी तुझ्याएवढा होतो, मला राग यायचा. ती म्हणायची, “राजाच्या घरची माणसं आपण, मन कोतं ठेवून कसं चालेल?”

शुक्रवारी फोन झाला की तिला विचार, तिच्या यादीत तुझं नाव कितवं येतं. मला माहीत आहे, पण ते तू तिच्याच तोंडून ऐक.

तुझा,
बाबा