एसीचं पाणी, भिंतीची ओल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एसी लावून तासभर झाला की इनडोअर युनिटच्या एका कोपऱ्यातून पाणी भिंतीवर ओघळतं. मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी झालाय. भरून घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. हवेतल्या बाष्पाचं थंड कॉइलवर पाणी होतं, ते खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपमधून निव्वळ उतारामुळे बाहेर जातं. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. आता पाहायचं एवढंच, की ते अडतंय कुठे.

आधी बाहेर जाऊन पाइपचं तोंड बघा. तिथे थेंबही नसेल, तर धूळ आणि बुळबुळीत थर साचून पाइप तुंबलाय. पाइप मध्येच वर उचलला गेला असेल किंवा टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं असेल, तरी पाणी मागे फिरतं. बाहेर पाणी नीट येत असूनही आत गळत असेल, तर युनिट तिरकं बसलंय का, ट्रेला तडा गेलाय का आणि तांब्याच्या नळ्यांवरचा फोम फाटलाय का, ते तपासून घ्या.

गॅस कमी असला की कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी सांडतं, हे खरं. पण धुळीने भरलेल्या फिल्टरमुळेही अगदी हेच होतं, आणि फिल्टर धुवायला पैसे लागत नाहीत. शिवाय गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

प्रश्न : एसी बंद असतानाही, फक्त पाऊस पडला की युनिटखालची भिंत भिजते.

उत्तर : मग एसीला दोष देऊ नका. नळ्या बाहेर नेण्यासाठी पाडलेल्या भोकातून पावसाचं पाणी आत येतंय. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि कडा बाहेरून सीलंटने बुजवायला हव्यात.

प्रश्न : फिल्टर धुतला तरी एसी सुरू करताच ओल्या मोज्यांसारखा वास येतो.

उत्तर : फिल्टरच्या मागे कॉइल आणि ब्लोअर असतात. तिथल्या ओल्या धुळीवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. कॉइल, ब्लोअर, ट्रे हे सगळं धुवून घ्या. पुढे रोज बंद करण्याआधी वीस-तीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवा, म्हणजे आतला भाग वाळेल. सुगंधी फवारे मारू नका, वासावर वास चढतो फक्त.

वास गटारासारखा असेल तर प्रकरण वेगळं. ड्रेन पाइप थेट सांडपाण्याच्या नळीला जोडलाय आणि मध्ये ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून गटाराचा वास अडवणारं वळण नाही, असं असेल तर कितीही धुतलं तरी फरक पडणार नाही. आणि जळका वास आला, तर मेन स्विच बंद करून मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : एसी धुतला, पण खोलीतला कुबट वास जात नाही. कपाटामागे काळे ठिपके आहेत. दोष एसीचा की भिंतीचा?

उत्तर : वीतभर अॅल्युमिनियम फॉइल भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवाच दमट आहे. मागची बाजू ओली असेल तर भिंतीत पाणी मुरतंय. पलीकडे बाथरूम किंवा नळ असेल, तर शोध तिथून सुरू करा. ते थांबेपर्यंत भिंतीला नवा रंग देऊ नका, पोपडे धरतील.

हवा दमट असेल तर साधा आर्द्रतामापक आणा आणि आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. खोलीच्या मानाने एसी मोठा आहे का, हेही बघा. मोठा एसी झटपट गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. म्हणून ‘घ्यायचाच तर मोठा घ्या’ हा सल्ला मला पटत नाही.

ठिपके मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. ब्लीच वापरत असाल, तर त्यात अॅसिडचा टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.