सहावीतल्या मुलीला सायकलने एकटीला शाळेत पाठवावं का?

पाठवा. शाळा दोन-अडीच किलोमीटर, मध्ये एक घाटी, आणि सासरे म्हणतात ‘अजून लहान आहे’, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते वयापेक्षा ती घाटी महत्त्वाची. आमच्या देवगडकडचा रस्ताही तसाच, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, थेट खाली खाडीकडे उतरणारा. सपाटीला कुठलंही पोर सायकल मारतं, म्हणून मी मुलाला आधी शिकवलं ते सायकलवरून वेळेत उतरायला.

वळणावर मागून एसटी किंवा चिऱ्याचा ट्रक ऐकू आला की कडेला थांबून पाय टेकायचा, त्यात लाज नाही. लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, वळताना आतल्या अंगाला ओढली जातात. पुढचा भाग निघून गेला म्हणून पोर निर्धास्त होतं आणि मागचं चाक जवळ येतं. हे नुसतं सांगून कळत नाही. पावसात एसटी स्टँडवर वळणारी गाडी लांबून दाखवा, चिखलात मागच्या चाकाची रेघ आतून गेलेली स्पष्ट दिसते.

ओल्या रिमवर ब्रेकचं रबर लगेच पकडत नाही. उताराच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यायची, मग जोर. कडेच्या शेवाळावर आणि खडीवर तर ब्रेक मारूच नये. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात हँडल हा आपल्याकडचा जुना शौक, तो बंद. रेनकोटची टोपी मान वळली तरी जागची हलत नाही आणि मागचं दिसत नाही, त्यामुळे टोपी मागे टाकून हेल्मेट घाला. कायद्याने सायकलला सक्ती नाही, तरी घाला.

‘पुढे स्कूटीच देऊ’ म्हणणारे भेटतील. १६ वर्षांच्या आत परवानाच नाही, आणि १६ ते १८ मध्ये फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सुरुवातीला सोबत जा, पण तिच्या मागे राहा. पुढे राहिलात तर ती रस्ता सोडून तुमची पाठ बघत येईल. आणि सासऱ्यांना एकदा घाटीच्या पायथ्याशी उभं करा, ती कशी उतरते ते त्यांचं त्यांनाच बघू दे.