मिरी-मिरचीची व्होडका कशी चाखावी आणि पाहुण्यांना कशी द्यावी?

पणजीतील घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणलेली, मिरी आणि मिरचीचा स्वाद असलेल्या व्होडकेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवावी का, असे आपण विचारले आहे. चाखायची असल्यास ठेवू नये, असे माझे मत आहे. अतिथंड व्होडकेचा गंध दबतो आणि जिभेला केवळ तिखटपणा जाणवतो. ती साध्या फ्रिजमध्ये तासभर ठेवून लहान पेल्यात ३० मिली ओतावी, आधी हुंगावी, आणि छोटा घोट जिभेवर फिरवून गिळल्यावर थोडे थांबावे, कारण मिरचीतील कॅप्सेसिन आणि मिरीतील पायपेरीन मद्यार्कात सहज विरघळत असले, तरी त्यांची जळजळ काही क्षणांनी चढते. दुसऱ्या घोटाची घाई करणाऱ्याची फजिती ठरलेली! कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नसल्याने तेव्हा पाण्यापेक्षा दही किंवा नारळाच्या दुधाची सोलकढी बरी.

युक्रेन आणि रशियात अशी व्होडका खारवलेल्या काकडीबरोबर घेतात, तर स्वीडनच्या ॲब्सोल्युट या व्होडका ब्रँडने १९८६ मध्ये आणलेली ‘पेपार’ ही तिखट व्होडका मुख्यतः ब्लडी मेरी या कॉकटेलसाठी होती. टोमॅटोचा रस, लिंबू आणि मीठ घातल्यास ती आजही उत्तम जुळते. उर्राकात, म्हणजे काजूच्या बोंडांच्या हलक्या गोवन मद्यात, हिरवी मिरची चिरून घालणाऱ्या गोवेकराला ही चव परकी वाटणार नाही. सोबत रवा लावून तळलेली मासळी द्यावी. रेशाद मसाल्याचा, म्हणजे लाल मिरची आणि व्हिनेगरच्या झणझणीत गोवन वाटणाचा, बांगडा मात्र टाळावा, कारण त्या मसाल्यापुढे व्होडकेतील मिरीचा नाजूक गंध टिकत नाही.